चौदा पॉइंट सहा आणि पाच मंगलाष्टकं

सुई आत गेल्यावर लॅबच्या मुलीनं विचारलं, “काका, आजची गोळी घेतली नाही ना?” मी नाही म्हणालो. पूजा झाल्यावर घेतो, असंही वर सांगितलं. ती माझ्या दंडाचा रबरी पट्टा सोडत होती. ती थांबली आणि म्हणाली, “पूजेनंतर का?” या एका प्रश्नातून पुढचं सगळं झालं, म्हणून पत्र तिथूनच सुरू झालं. मायना राहिला. तो आता लिहितो.

ती. मंजुळाताईस, डोंबिवलीहून धाकट्या त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. मंदाकिनीचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. तुझ्याकडे टेंभी नाक्यावर लग्नघर सुरू झालं असेल. नवरीमुलगी श्रिया आणि तिचा भाऊ नील, दोघांना आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? (हा प्रश्न रिवाजाचा नाही. पण त्याचं नंतर.)

तासाभराच्या अंतरावर राहून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन करून पाहिला होता. भाद्रपदात मी “ताई” अशी हाक मारली, तेव्हा तू “आत्ता वेळ नाही, नळ संध्याकाळी बघा” असं सांगून फोन ठेवलास. मी पुन्हा केला, तर तू नीलला म्हणालीस की प्लंबर चिवट आहे. माझा आवाज त्या दिवसांत तसा झाला होता, हे मला मान्य आहे. तुझ्याकडच्या गणपतीत तर तो जाहीर झाला. गेली तीस वर्षं तिथली मंत्रपुष्पांजली मी म्हणतो. या वर्षी मी तोंड उघडलं आणि आतून जुन्या दाराची बिजागरी बोलली. शब्दही एकेक करून येत होते, पेन्शनीच्या रांगेतल्यासारखे. दुसऱ्या ओळीला नीलनं खिशातून मोबाइल काढला आणि मंत्रपुष्पांजली स्पीकरवर लावली. गणपतीनं काही म्हटलं नाही. तू मात्र तिथल्या तिथे निकाल दिलास. (तू कोपऱ्यात शाल पांघरून बसली होतीस आणि पंखा बंद करायला लावला होतास. आम्ही बाकीचे घामानं निथळत होतो.) निकाल असा की श्रियाच्या लग्नात मंगलाष्टकं त्र्यंबक म्हणणार नाही, नील बँडवाल्यांची गाणारी बाई ठरवेल. आता लग्न मार्गशीर्षात आहे. मी श्रियाचा एकुलता एक मामा आहे. ती नऊ महिन्यांची असताना तिला मंगलाष्टकाच्या चालीवर झोपवणारा मीच होतो. तिच्यासाठी पाच कडवी शार्दूलविक्रीडितात बसवून तयार आहेत. तेव्हा माझ्यासाठी हा प्रश्न थायरॉइडचा कधीच नव्हता. पाच कडव्यांचा होता.

थायरॉइडची गोळी मी नऊ वर्षं घेतो. ही गोष्ट मी सोसायटीतल्या कट्ट्यावर सांगितलेली नाही. तिथे रक्तदाब, साखर आणि अँजिओप्लास्टी यांना मान आहे. थायरॉइड हा बायकांचा आजार समजला जातो, आणि ज्याला तो झाला त्याच्याकडे लोक, तो बायकोच्या चपला घालून आल्यासारखं बघतात. गणपतीनंतर तपासणीला लॅबमध्ये गेलो, तिथेही तेच. बाकावर अकरा बायका आणि मी. रिपोर्ट आला तो ‘मिसेस त्र्यंबक’ या नावानं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली, त्यामुळे हात थांबला नाही. लाल पेनानं खूण करून, समासात दुरुस्ती लिहून मी तो परत केला. त्यांनी आभार मानले आणि नवी प्रत दिली. तीही मिसेस त्र्यंबकचीच होती. या वेळी मात्र वय दुरुस्त केलं होतं, ते आधी बरोबर होतं.

असो. त्या रिपोर्टात तीन ओळी होत्या. टी थ्री, टी फोर आणि टीएसएच. पहिली ओळ ठीक. दुसरी मर्यादेच्या खालच्या काठाला टेकलेली. तिसरी जाड ठशात, चौदा पॉइंट सहा. शेजारी इंग्रजी एच, आणि मर्यादा चार पॉइंट दोनपर्यंत. आषाढात हाच आकडा दोन पॉइंट नऊ होता. मी विचार केला. (इथेच चूक झाली.) एच म्हणजे हाय. हाय म्हणजे जास्त. नऊ वर्षं गोळी खाल्ल्यामुळे थायरॉइड साठून साठून चौदावर गेलं, तेव्हा गोळी कमी केली पाहिजे. तर्कात कुठे फट नव्हती. गोळी मोहरीहून थोडी मोठी. ती अर्धी कशी करायची? लग्नासाठी मंदाकिनीनं अडकित्ता घासून ठेवला होता, तो घेतला. पहिल्या दिवशी गोळीचा अर्धा भाग देव्हाऱ्यामागे उडाला. दुसऱ्या दिवशी पूर्ण गोळीच गेली. दहा दिवसांत मी नेमकी किती गोळी खाल्ली हे सांगता येणार नाही. पुढे मंदाकिनीला रांगोळीच्या डब्यात पाच अर्ध्या सापडल्या. आवाज मात्र आणखी खाली गेला. दूधवाल्यानं मला विचारलं की घरात आजोबा आलेत का.

शेवटी मंदाकिनीनं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रचना वयानं श्रियाएवढी आहे आणि श्रियासारखीच आधी पूर्ण ऐकून घेते, मग बोलते. तिनं अडकित्त्याची हकीकत पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, “काका, हा आकडा चढला की गोळी कमी पडतेय असं समजायचं. आणि कमी-जास्त मी करायची. अडकित्त्यानं नाही.” तिनं कागदावर मेंदू आणि गळा काढून दाखवला. मला चित्र कळलं नाही, पण घरी येताना रिक्षात अर्थ लागला. तो तुला सांगतो, कारण तुलाही लागेल. टीएसएच म्हणजे थायरॉइड नव्हेच. ती हाक आहे. मंदाकिनी स्वयंपाकघरातून मला चहाला बोलावते ना, ती. मी वर्तमानपत्रात असतो. पहिली हाक साधी असते. मी हललो नाही की आवाज चढतो. चौथ्या हाकेला शेजारचे उठून बसतात. तेव्हा आवाज मोठा याचा अर्थ त्र्यंबक जास्त झाला असा नाही. त्र्यंबक आलाच नाही, असा आहे. टी फोर म्हणजे मी किती आलो ते. आणि गोळी जास्त झाली तर उलट होतं. मी आधीच ओट्यापाशी उभा राहून डबे उघडून बघतोय, अशा वेळी ती कशाला हाक मारील? आकडा शून्याच्या जवळ जातो. तेही चांगलं नाही. छाती धडधडते, हाडं झिजतात, असं डॉक्टर म्हणाली. (डबे उघडून बघणारा नवराही फार काळ परवडत नाही.) हे सगळं मी मंदाकिनीला रिक्षातच समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मग तुमच्या बाबतीत मी लग्नापासून चौदा पॉइंट सहावरच आहे.” रिक्षावाला हसला. त्यालाही कळलं याचा अर्थ उपमा बरी असावी.

डॉक्टरनं त्या दिवशी बरेच प्रश्न विचारले होते. गोळीच्या जवळपास कॅल्शियम घेता का? नाही. लोहाची गोळी? नाही. ॲसिडिटीची? नाही. केसांच्या वाढीची? (त्यातल्या एका जीवनसत्त्वानं म्हणे रिपोर्ट चुकतो.) हे विचारताना तिचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं आणि तिनं प्रश्न परत घेतला. गोळी दुधाबरोबर, चहाबरोबर? मी म्हणालो, छे, नऊ वर्षं अनशापोटी. ताई, मी खोटं बोललो नाही. माझ्या समजुतीनं ते अक्षरशः खरं होतं. ती म्हणाली, पूर्ण गोळी पुन्हा सुरू करा. डोस वाढवण्याआधी रक्त एकदा परत बघू, बाकीच्याही तपासण्या करू. रक्त देईपर्यंत त्या दिवशी गोळी घेऊ नका.

म्हणून ती मुलगी सकाळी साडेसहाला घरी आली होती. नाव जोविटा. राहते ठाण्यात, खाडीकडे. कामाला रोज डोंबिवलीत येते. माझी शीर तिला पहिल्या फटक्यात सापडली, आणि तो प्रश्नही. पूजेनंतर का? मी सांगितलं की भाचीच्या लग्नासाठी नेम धरलाय, तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. ती मान डोलावून नळ्यांवर चिठ्ठ्या लावू लागली. मंदाकिनीनं तिच्यासाठी चहा ठेवला. मी पूजा आटोपली. बाळकृष्णाला रोज पंचामृताचा अभिषेक होतो, हाही नेमाचाच भाग. मग मी नेहमीसारखी तळव्यावर गोळी ठेवली, वर पळीनं पंचामृत घेतलं, आणि हात तोंडाशी नेला.

“काका! काका, थांबा. त्यात दूध आहे ना?”

“दूध नाही. तीर्थ आहे.”

“पण दुधाचंच ना?”

“अभिषेकाच्या आधी दूध होतं.”

“आणि दही?”

“तेही आधी.”

जोविटानं मंदाकिनीकडे बघितलं. मंदाकिनी देव्हाऱ्याकडे बघत होती. जोविटा म्हणाली, “काका, ते तीर्थ झालंय हे देवाला माहीत आहे. तुमच्या पोटाला कोण सांगणार?”

मी हात खाली घेतला. गोळी पंचामृतात विरघळायला लागली होती. तेव्हा मंदाकिनीनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली. ती साक्ष अशी की प्रकरण एका पळीवर थांबत नाही. उरलेलं पंचामृत टाकायचं नसतं, तिला साखरेमुळे चालत नाही, म्हणून वाटीभर मीच संपवतो. त्यावर पाच मिनिटांत दुधाचा चहा. म्हणजे आषाढी एकादशीपासून गोळी रोज पोटात जात होती आणि रोज दह्यादुधाला चिकटून जशी आली तशी पुढे जात होती. नऊ वर्षांत जे बिघडलं नाही ते मी तीन महिन्यांत भक्तीनं बिघडवलं.

पण नेमाचं काय? तो मोडला आणि श्रियाच्या लग्नात काही आडवं आलं तर? ही भीती मी जोविटासमोर बोलून दाखवली. ती चहा पीत म्हणाली की तिच्या आजीचीही हीच गोळी होती. आजी चर्चमध्ये प्रसादाची भाकर घेण्याआधी काही खायची नाही, म्हणून रविवारी गोळी बुडायची. शेवटी फादरनीच आजीला बजावलं, औषध आणि पाणी यांनी उपास मोडत नाही, उगाच देवाच्या नावावर घालू नका. “तुमचे पण कोणी असतील ना, विचारा त्यांना,” असं म्हणून ती माझं रक्त घेऊन गेली. मी लगेच आपल्या गुरुजींना फोन लावला. (त्यांनी मला ओळखलं नाही. श्राद्धाच्या सामानाचा दुकानदार समजले.) ते म्हणाले, व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी शास्त्रात सांगितल्या आहेत. त्यात पाणी आहे आणि औषधही आहे. मी म्हणालो, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही आधी का नाही विचारलंत? ताई, एकाच सकाळी फादर आणि गुरुजी यांचं एकमत झालं. डॉक्टर तिसरी. तिला कळवल्यावर ती एवढं हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं सांगितलं, डोस वाढवायचा नाही. तीच गोळी, पहाटे, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही. आणि पुढची तपासणी सहा-सात आठवड्यांनी. मी म्हणालो, पुढच्या सोमवारी करू, लग्न जवळ आलंय. ती नाही म्हणाली, हा आकडा हळू उतरतो. हे मला लगेच पटलं. मी स्वयंपाकघरात पोचलो म्हणून मंदाकिनीचा आवाज त्याच क्षणी खाली येतो असं थोडंच आहे.

सात आठवडे मी पाचला उठून गोळी घेतली. सहाला पूजा, मग तीर्थ, मग चहा. पहिले पंधरा दिवस काही झालं नाही. मग एक दिवस मी दुपारी झोपलो नाही. दिवाळीत पायातले मोजे काढले. मंदाकिनीनं एकाच हाकेत मला चहाला आलेलं पाहिलं आणि घाबरून विचारलं, बरं वाटत नाहीये का? परवा जोविटा पुन्हा रक्त घेऊन गेली. काल संध्याकाळी रिपोर्ट आला. मिसेस त्र्यंबक, तीन पॉइंट एक. शेजारी एच नाही, काही नाही. नुसता आकडा, सोसायटीच्या आवारात ओळीत लावलेल्या स्कूटरसारखा.

आज सकाळी न्हाणीघरात मी पाचही कडवी म्हटली. आधी हळू. तिसऱ्या कडव्याला आवाज वर नेला. तो गेला. ताई, तो गेला आणि तिथे टिकला. चौथं म्हणताना मी पाणी घ्यायचं विसरलो. पाचव्याच्या शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’ म्हणून थांबलो, तोच समोरच्या इमारतीतून एक अनोळखी पुरुषी आवाज आला, “शुभमंगल सावधान!” पाठोपाठ कुठल्यातरी गॅलरीत कोणी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर आलो तर मंदाकिनी डोळे पुसत होती. कांदा चिरतेय, म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

श्रियाला आशीर्वाद, नीलला स्पीकर सांभाळून ठेवायला सांग, वरातीत उपयोगी पडेल. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. बँडवाल्यांच्या गाणाऱ्या बाईला नको म्हणून कळवावं. तिला वाईट वाटू नये म्हणून वरातीत दोन गाणी जास्त द्यावीत. पाचही कडवी मी म्हणेन. वेळेची चिंता नको, घड्याळ लावून मोजली आहेत, मुहूर्त टळत नाही.

आणखी ता. क. एक अडचण झाली आहे. शेवटच्या कडव्यात, भाद्रपदातल्या परिस्थितीला धरून, अशी ओळ होती: ‘मामाचा बसला गळा तरि सुखे गातो तुझे सोहळे’. आता ती खोटी ठरते. ‘मामाचा सुटला गळा मग सुखे’ अशी दुरुस्ती केली आहे. वृत्त सांभाळलं आहे. पत्रिकेत छापायला पाठवलेली प्रत बदलून घे.

शेवटचा ता. क. ताई, आवाज परत आला एवढंच कळवायचं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. खरं कारण हे. तो नेम आपण दोघांनी धरला. आधी तू धरलास, फोनवर मला सांगितलंस, आणि मी तुझ्या मागोमाग धरला. श्रियाच्या अक्षता पडेपर्यंत, असं तूच ठरवलंस. आणि थायरॉइडची गोळी तू माझ्या कितीतरी आधीपासून, बावीस वर्षं घेतेस. गणपतीत तू भर उकाड्यात शाल पांघरलीस. साडीच्या दुकानात शालू बघता बघता बसल्या बसल्या झोपलीस, आणि आम्ही हसलो. मी दोनदा “ताई” म्हणालो तरी तुला मी सुचलो नाही. मी ते सगळं माझ्या आवाजावर घेतलं. लग्नघरात बाई थकतेच, असंही सगळे म्हणाले. माझ्या बाबतीतही सगळे म्हणालेच होते, वय झालं. तू उभी राहून, जागी राहून श्रियाचं लग्न बघितलं नाहीस तर मी पाच कडवी कोणासाठी म्हणू? तर मला एवढंच कळव. तू गोळी कशाबरोबर घेतेस? स्वतःच्या मनानं काही बदलू नकोस, आणि अडकित्त्याला हात लावू नकोस.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी. पत्र पोस्टात टाकलं नाही. जोविटाला विचारलं, तिला तुझं घर वाटेवरच पडतं. आज सकाळी साडेसहाला मी आणि ती तुझ्या दारात होतो. तू देवघरात होतीस. एका हातात पंचामृताची पळी, दुसऱ्या तळव्यावर गोळी. तू आधी रक्त दिलंस, मग गोळी साध्या पाण्याबरोबर घेतलीस. चहाला तासभर अवकाश होता. तेवढ्यात तू माझ्याकडून पहिलं कडवं दोनदा म्हणवून घेतलंस. दुसऱ्यांदा ‘सावधान’ तू म्हणालीस. ही पुरवणी तुझ्याच घरी बसून लिहिली, पत्र टीव्हीपाशी ठेवून निघतो.